नाचणाऱ्याच्या अंगावर पडणारा मार

२ ऑक्टोबर २०१६ ची गोष्ट. अमेरिकेतील अटलांटा शहरात फुटबॉलचा सामना चालू होता. कॅरोलिना पँथर्स या संघाचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन चेंडू घेऊन शेवटच्या रेषेकडे पळत सुटला. समोर रान मोकळे दिसत होते. रेषा हाताशी आली तेव्हा गड्याने पळणे सोडले आणि ऐटीत चालत जाऊ लागला. तेवढ्यात बाजूने विरुद्ध संघाचा खेळाडू सुसाट आला आणि त्याच्या डोक्यावर आदळला. न्यूटनच्या मेंदूला हादरा बसला. तो सामना त्याला सोडावा लागला आणि पुढच्या सामन्यातही खेळता आले नाही.

या प्रसंगावर लोक जे बोलले ते आपल्या ओळखीचे आहे. नाचत होता, मिरवत होता, बरी खोड मोडली! आम्हास या वाक्याचा राग येतो. पण राग आला म्हणून वाक्य खोटे ठरत नाही. म्हणून आम्ही या माणसाचा खेळ आणि त्याची दुखणी जरा नीट पाहिली. त्याच्या संघाचे नाव पँथर्स आहे, हेही एक कारण. ते नाव ऐकले की आमच्या वयाच्या माणसाचे कान अजून टवकारतात! अर्थात या पँथर्सचा चळवळीशी काही संबंध नाही. तो धंद्याचा संघ आहे.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो हातात धरून पळायचे किंवा फेकायचे. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी, अंगावर चिलखतासारखे कपडे, डोक्यावर शिरस्त्राण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू दुसऱ्याकडे जातो. क्वार्टरबॅक हा या सगळ्यांचा म्होरक्या. प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो लांब फेकायचा, जवळच्याला द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे. त्याच वेळी शंभर-सव्वाशे किलोची माणसे त्याला आडवे करायला धावत असतात. आपल्या कबड्डीतला चढाईपटू आणि संघनायक एकाच माणसात घातला, आणि पकड करणाऱ्यांना वीस पावले पळत येऊन धडकायची मुभा दिली, तर जे होईल ते हे.

खेळ पहिल्यापासून जिवावरचा. १९०५ च्या हंगामात या खेळात इतकी तरुण मुले मेली (त्या काळच्या वर्तमानपत्रांनी आकडा १८ च्या आसपास दिला होता) की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतले. दुसऱ्या वर्षी नियम बदलले. चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली, म्हणजे घोळक्यात घुसून चेंगरण्यापेक्षा खेळ मैदानभर पसरावा. आज क्वार्टरबॅकचा जो लांब पास पाहून लोक टाळ्या वाजवतात, त्याची सुरुवात अशी माणसे मरू नयेत म्हणून झाली. काही विद्यापीठांनी तर हा खेळच बंद केला. त्यात न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ होते. तेथे १९०५ नंतर फुटबॉल थांबला तो १९१५ साली पुन्हा सुरू झाला. आपले बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात त्याच कोलंबियात शिकत होते. तिकडे मैदान पुन्हा गजबजत होते आणि इकडे हा विद्यार्थी ग्रंथालयात वाचीत बसलेला होता, असे चित्र आमच्या डोळ्यांपुढे येते. असो.

न्यूटन २०११ साली या धंदेवाईक लीगमध्ये आला तो पहिल्या क्रमांकाने निवडला जाऊन. उंची साडेसहा फुटांच्या जवळ, वजन ११० किलोच्या वर. एवढा धिप्पाड माणूस आणि पळायला हरणासारखा. पहिल्याच हंगामात त्याने स्वतः पळून १४ टचडाउन केले. रेषा ओलांडली की तो छातीवरचा शर्ट दोन्ही हातांनी फाडल्याची नक्कल करी, जणू आत सिनेमातल्या सुपरमॅनचा पोशाख आहे. पुढे पुढे नाचू लागला. आणि नाचून झाले की चेंडू प्रेक्षकांत बसलेल्या एखाद्या लहान मुलाला नेऊन देई. हा त्याचा शिरस्ताच होता. एवढ्या मोठ्या गड्याने आपल्या हातात चेंडू ठेवला हे ते पोर जन्मभर विसरेल काय?

२०१५ च्या हंगामात त्याचा संघ १६ पैकी १५ सामने जिंकला आणि लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला मान मिळाला. त्याच हंगामात एका आईने वर्तमानपत्राला पत्र लिहून तक्रार केली, की याचे मैदानावरील नाच पाहून माझ्या लहान मुलीला काय सांगावे ते कळेना. त्या बाईंचे मन आम्ही समजू शकतो. पण त्या मैदानावर माणसे एकमेकांना शुद्ध हरपेपर्यंत धडका देतात, तेही मुलगी पाहतच होती की! त्याची तक्रार पत्रात नव्हती. नाच तेवढा खुपला.

मग ७ फेब्रुवारी २०१६ रोजी अंतिम सामना झाला. डेन्व्हरच्या संघाने न्यूटनला सहा वेळा चेंडूसकट खाली पाडले. पँथर्स २४-१० असे हरले. शेवटी शेवटी चेंडू न्यूटनच्या हातातून सुटून जमिनीवर पडला. त्यावर झेप घ्यावी की नाही या विचारात तो क्षणभर थबकला आणि मागे सरला. झाले! दुसऱ्या दिवसापासून टीका सुरू: अंग वाचवतो, हिंमत नाही. म्हणजे अंग झोकून खेळला तर माजोरी आणि अंग वाचवले तर भित्रा. आपल्या माणसांना हा न्याय नवा नाही.

आता दुखण्यांकडे वळू. वर सांगितलेला अटलांटातील मार त्याने ऐट करताना खाल्ला, यात शंका नाही. तेथे त्याची बाजू घेण्यात अर्थ नाही. रेषा ओलांडेपर्यंत चेंडू जिवंत असतो आणि जिवंत चेंडू हातात असणाऱ्याला मारण्याचा समोरच्याला हक्क असतो. पण बाकीचे? त्याच वर्षी ८ सप्टेंबरला डेन्व्हरमध्ये त्याच्या डोक्यावर एकामागून एक शिरस्त्राणे आदळली. तेव्हा तो नाचत नव्हता, चेंडू फेकत होता. तरी त्याला सामन्यात खेळत ठेवले. पुढे चौकशी झाली आणि नियम मोडला नाही असा निर्वाळा मिळाला. ऑक्टोबरअखेरच्या एका सामन्यानंतर त्याने उघड सांगितले, की मला मैदानात सुरक्षित वाटत नाही, पंच माझ्याबाबतीत नियम पाळत नाहीत. डिसेंबरात त्याचा पास विरुद्ध खेळाडूने झेलला, त्याला अडवायला न्यूटन धावला आणि चेंडू फेकायचा खांदा दुखावून बसला. मार्च २०१७ मध्ये त्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा त्याच खांद्याची. त्या वर्षी ऑगस्टात सरावाच्या सामन्यात पाय गेला. २०२० च्या मार्चमध्ये, तिशी उलटताच, संघाने त्याला मोकळे केले.

या सगळ्यांत नाचामुळे झालेले दुखणे एक. बाकीची पडली ती खेळण्याच्या पद्धतीमुळे, आणि ही पद्धत एकट्या न्यूटनने ठरवलेली नव्हती. एक-दोन यार्ड हवे असले की संघाचे शिक्षक मुद्दाम त्यालाच घोळक्यात घुसवायचे. एवढे मोठे अंग आहे, वापरा! बैल दांडगा दिसला की गाडीत दोन पोती जास्त टाकतात, तसे हे. त्यात न्यूटनची स्वतःची सवय अशी, की अंगावर आलेल्याला चुकवण्याऐवजी तो त्याच्यावरच चालून जाई. बघणाऱ्याला ते फार आवडते.

वाचकहो, येथे नियमाची एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. क्वार्टरबॅक आपल्या जागी उभा राहून फेकत असेल तर त्याच्या डोक्यावर आणि गुडघ्यावर मारण्यास बंदी आहे. तो एकदा चेंडू घेऊन पळू लागला की यातले बरेच संरक्षण जाते. पण पळताना त्याने पाय पुढे करून जमिनीवर बैठक मारली की डाव तेथेच संपतो आणि नंतर त्याला मारणे हा गुन्हा ठरतो. म्हणजे पळणाऱ्याच्या हातात एक ढाल आहे. ती वापरायला यार्डभर जमीन सोडावी लागते आणि थोडी शानही. रसेल विल्सन हा दुसरा काळा क्वार्टरबॅक, उंचीने सहा फुटांच्या आत, तोही पळण्यात पटाईत. पण तो आधी बेसबॉल खेळलेला, त्यामुळे घसरत बैठक मारणे त्याच्या अंगवळणी पडलेले. बैठक नाही तर सरळ मैदानाबाहेर पाऊल टाकायचा. २०१२ पासून लीगमधले ओळीने १४९ सामने तो खेळला, एकही चुकला नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात खंड पडला तोही पळताना नव्हे, तर चेंडू फेकताना समोरच्याच्या हाताला लागून बोट दुखावले म्हणून.

म्हणून पळणारा तो मोडणारा, हा हिशेब आम्हास सरसकट पटत नाही. जागेवर उभे राहणाऱ्यांची हाडे काय कमी मोडली? जो थाइसमन या क्वार्टरबॅकचा पाय १९८५ साली मैदानावर मोडला आणि त्याचा खेळ कायमचा संपला. टॉम ब्रेडी तर पळण्यासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. २००८ च्या हंगामातील पहिल्याच सामन्यात तो उभा असताना जमिनीवर पडलेला गडी त्याच्या गुडघ्यावर आदळला आणि त्याचे पूर्ण वर्ष गेले. तेव्हा मात्र लीग खडबडून जागी झाली आणि पुढच्या वर्षी, पडलेल्या खेळाडूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घेऊ नये, असा नियम स्पष्ट केला. पळणाऱ्याला मार येताना निदान दिसतो. फेकणाऱ्याचे डोळे दूरच्या सोबत्याकडे लागलेले असतात, त्याला तो कुठून येतो हेही कळत नाही. उलट टुआ टागोवाइलोआ हा काही मिरवणारा गडी नाही. २०२२ मध्ये मेंदूला मार बसून त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले होते. तरी २०२४ च्या सप्टेंबरात पळताना बैठक न मारता तो डोके खाली घालून समोरच्यावर गेला आणि पुन्हा तोच हादरा घेऊन बसला. येथे शान नव्हती, नाच नव्हता. दोन यार्ड जास्त मिळावेत एवढीच हाव.

शिरस्त्राण आहे की, असे कोणी म्हणेल. शिरस्त्राणाने कवटी वाचते. पण मडके फुटले नाही म्हणून आतले दही हलले नाही, असे होत नाही. धडकेने मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो, त्याला बाहेरून बांधून ठेवता येत नाही.

नुसत्या मिरवण्याने जायबंदी होणारेही असतात बरे! २३ नोव्हेंबर १९९७ रोजी वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक गस फ्रेरोट याने टचडाउन केला आणि आनंदाच्या भरात मैदानाच्या कडेच्या भिंतीवर स्वतःच डोके आपटले. मान मुरगळली, दवाखान्यात न्यावे लागले, आणि सामना ७-७ असा बरोबरीत सुटला. हा गोरा गडी. लोक हसले, अजूनही हसतात. पण गोरे क्वार्टरबॅक हे असेच उथळ, असे कोणी म्हणाल्याचे आमच्या वाचनात नाही. एकाचा वेडेपणा त्याचा एकट्याचा राहिला.

काळ्या क्वार्टरबॅकची गोष्ट वेगळी. हे काम डोक्याचे, म्हणून ते काळ्याला जमणार नाही, अशी त्या देशात वर्षानुवर्षे समजूत. पळायला, अडवायला काळा चालेल, पण म्होरक्या गोरा पाहिजे! आपल्याकडे हात राबायला आमचे आणि पोथी वाचायला त्यांचे, तशातलाच प्रकार. वॉरन मून याने १९७८ च्या जानेवारीत आपल्या विद्यापीठाला मोठी स्पर्धा जिंकून दिली, तरी त्या वर्षी अमेरिकेतील एकाही संघाने त्याची निवड केली नाही. तो कॅनडात गेला, ओळीने पाच वर्षे तेथील अजिंक्यपद मिळवले, तेव्हा कुठे १९८४ मध्ये अमेरिकेचे दार उघडले. पुढे २००६ साली या खेळाच्या सन्मान-दालनात प्रवेश मिळवणारा तो पहिला काळा क्वार्टरबॅक ठरला. हे जुने झाले म्हणावे, तर २०१८ साली लमार जॅक्सनला एका जाणत्या माणसाने सल्ला दिला, की तू क्वार्टरबॅकचा नाद सोड आणि पास झेलणारा हो. दुसऱ्याच हंगामात, २०१९ मध्ये, तोच जॅक्सन एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू निवडला गेला.

ज्याला आपली जागा रोज नव्याने सिद्ध करावी लागते, तो दुखले तरी दुखले म्हणत नाही. मिरवण्यापेक्षा हे जास्त धोक्याचे आहे असे आम्हास वाटते. रॉबर्ट ग्रिफिन याचेच पाहा. २०१२ चा सर्वात गाजलेला नवा गडी. डिसेंबरात गुडघा दुखावला, एक सामना विश्रांती घेऊन पट्टा बांधून परत उतरला. ६ जानेवारी २०१३ रोजी तो लंगडताना साऱ्या जगाला दिसत होते. तो म्हणाला खेळतो, शिक्षक म्हणाले खेळ. शेवटी चेंडू उचलायला वळला आणि गुडघा आपोआप दुमडला. लिगामेंट फाटल्या. त्यानंतर त्याचा पहिल्या वर्षाचा खेळ पुन्हा कोणाला दिसला नाही. त्याचे वय तेव्हा २२ होते. त्याला थांबवण्याचे काम कोणाचे होते?

आणि मोडल्यावर काय? डोक्याला मार बसून पुढे विसरभोळेपणा आला तर नुकसानभरपाई देण्याचे या लीगने कोर्टात कबूल केले होते. पण भरपाईसाठी बुद्धीची तपासणी करताना काळ्या खेळाडूची बुद्धी मुळातच गोऱ्यापेक्षा कमी होती असे धरणारी मोजपट्टी वापरली जात असे. मुळात कमीच होती, तर मारामुळे फार गेली असे कसे म्हणावे, आणि पैसे कशाला द्यावेत! २०२० साली दोन माजी काळ्या खेळाडूंनी याविरुद्ध दावा लावला आणि २०२१ मध्ये लीगला ही मोजपट्टी सोडावी लागली. हे वाचले तेव्हा आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवून बराच वेळ गप्प बसलो होतो.

आता घराजवळचे सांगतो. आमच्या वस्तीतील विहारामागच्या मैदानावर कबड्डी चालते. तेथील एक पोरगा, वय १९, चढाईत असा चपळ की बाहेरच्या वस्त्यांतून लोक त्याला पाहायला येत. त्यालाही मिरवण्याची हौस. बोनस घेतला की मांडी थोपटायची, केसांतून हात फिरवायचा. मागच्या हिवाळ्यात एका स्पर्धेत बोनस घेऊन परत येताना मध्यरेषा दोन हातांवर असताना त्याने मान वळवून प्रेक्षकांकडे पाहिले. कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला, वरून तिघे पडले. गुडघा आतल्या बाजूला वळला आणि लिगामेंट तुटली. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. एमआरआयचेच पैसे त्यांना उसने घ्यावे लागले. स्पर्धा भरवणाऱ्यांनी साडेतीन फुटांचा चषक आणला होता, पण खेळाडूंचा विमा काढला नव्हता. आणि वस्तीत चर्चा काय, तर पोराला माज आला होता.

त्याची आई आम्हास म्हणाली, "भाऊ, दिवसभर कोणी त्याच्याकडं बघत नाही. कॉलेजात मागच्या बाकावर, कामावर साहेबाच्या मागं. ते अर्धा तास मैदानात लोक बघतात. तेवढंसुद्धा करू नको म्हणू का त्याला?"

आम्हास उत्तर सुचले नाही. मांडी थोपटू नको असे त्याला सांगणार नाही, हे मात्र आम्ही त्याच वेळी ठरवले. सोण भिक्षूला भगवंतांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी सूर नाही आणि फार सैल सोडली तरी नाही. पण वीणा वाजवूच नका, असे भगवंत म्हणाले नव्हते.

पोराची शस्त्रक्रिया झाली. थोडी वर्गणी, थोडे कर्ज. चढाईला तो अजून उतरलेला नाही. परवा मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता. लहान मुलांचा डाव चालला होता. एका चिमुरड्याने गडी बाद केला आणि मध्यरेषेच्या अलीकडेच मांडी थोपटायला हात उचलला. हा खुर्चीवरून ओरडला, "अरे, आधी रेषेवर ये, मग काय नाचायचं ते नाच!"

चौदा एप्रिलच्या सामन्यांसाठी मंडळाची बैठक झाली तेव्हा आम्ही विषय काढला, की डीजेच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढून खेळणाऱ्या सर्व मुलांचा अपघात विमा उतरवावा, आणि डोक्याला मार बसलेला मुलगा स्वतः कितीही नाही म्हणाला तरी त्याला त्या दिवशी पुन्हा उतरवू नये. दुसरी गोष्ट लगेच मान्य झाली. पहिलीवर वाद झाला, तरुण मंडळी डीजे कमी करायला तयार नाहीत. विषय पुढच्या रविवारच्या बैठकीवर गेला आहे. वंदना आटोपली की बैठक सुरू होते. त्या पोराच्या आईलाही यायला सांगितले आहे.